टॉक आणि टॉकडी आजच्या लिनक्सवर: कामाच्या नोंदी

ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे. टॉक म्हणजे दोन मशीनवर बसलेल्या दोघांनी अर्धा-अर्धा पडदा वाटून घेऊन अक्षरागणिक बोलायचं साधन. समोरचा थबकतो, खोडतो, पुन्हा लिहितो, ते सगळं दिसतं. आपण उघडतो तो प्रोग्राम म्हणजे क्लायंट (टॉक), आणि मागे राहून निमंत्रणं सांभाळतो तो डेमन (टॉकडी). आम्ही पाच-सहा जण अजून ते वापरतो आणि नव्या मशीनवर ते बंद पडलं, म्हणून हे हाती घेतलं.

४ जुलै – तयारी, २ तास

माझ्याकडचा कोड मूळ बीएसडीवरून (युनिक्सच्या एका जुन्या शाखेवरून) निघालेला आहे. लिनक्ससाठी कुणीतरी तो जुळवला आणि मग बरीच वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. सुरुवात करण्याआधीच एक नियम ठरवला: तारेवरून जाणारा एकही बाइट बदलायचा नाही. आतलं काहीही बदलेन, पण पॅकेट तसंच राहील.

हा नियम कशासाठी, ते या प्रोटोकॉलच्या इतिहासातच आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडीमधला पहिला टॉक यूडीपी (जोडणी न करता सुटी पॅकेटं पाठवायची रीत) पोर्ट ५१७ वर चालायचा आणि आकडे मशीनच्या आपल्या बाइटक्रमात (मोठ्या आकड्याचे बाइट ज्या क्रमाने ठेवतात त्यात) तसेच पाठवायचा. वॅक्स आणि सन या संगणकांचा बाइटक्रम उलटसुलट, त्यामुळे त्या दोघांचं एकमेकांशी जमेना. ४.३ बीएसडीत नवा प्रोटोकॉल आला, एनटॉक, यूडीपी ५१८ वर. मी सांभाळते आहे तो हा दुसरा.

कसोटीला समोर एक खात्रीचं मशीन हवं. क्यूएमूमध्ये (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेटबीएसडीची (बीएसडीच्या आजच्या एका वंशजाची) स्पार्क प्रोसेसरसाठीची आवृत्ती बसवली. त्यात टॉक आणि डेमन दोन्ही मूळ वितरणातच येतात, आणि स्पार्क बिग-एंडियन (मोठा बाइट आधी, इंटेलच्या उलट) असल्यामुळे बाइटक्रमाची चूक तिथे लपत नाही. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा. दोन सारख्या लिनक्स मशीनवर तपासून काहीच सिद्ध होत नाही. का, ते ८ तारखेच्या नोंदीत आहे.

५ जुलै – कंपाइल, ३ तास

जीसीसी १४ या कंपायलरवर पहिल्याच फाइलला पन्नासेक चुका. घोषणा न करता वापरलेली फंक्शनं, प्रकार न लिहिलेले व्हेरिएबल, चुकीच्या प्रकारचे पॉइंटर. या गोष्टींवर आधी नुसता इशारा यायचा, १४ पासून त्या थेट चुका धरल्या जातात. त्यापुढे लिंकरची तक्रार: एकच व्हेरिएबल सहा ठिकाणी. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहिलेलं नव्हतं आणि जीसीसी १० पासून ते खपत नाही. शिवाय चुकांच्या संदेशांचा ‘सिस-एररलिस्ट’ हा जुना तक्ता ग्लिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) २.३२ मधून गेला आहे, तिथे ‘स्ट्रएरर’ घातलं.

एक्स्टर्न आणि स्ट्रएरर नीट दुरुस्त केले. बाकीच्या चुकांचा कंटाळा आला आणि कंपायलरला ‘परमिसिव्ह’ पर्याय देऊन त्या सगळ्या पुन्हा इशाऱ्यांवर आणल्या. बांधणी झाली, क्लायंट उघडला, पडदा दुभागला. खूश होऊन उठले.

६ जुलै – ५ तास गेले

क्लायंट कधी चालतो, कधी मिनिटभरात कोसळतो. कधी कोसळत नाही, पण समोरच्याचं काहीच दिसेनासं होतं. डीबगर लावला की सुरळीत चालतो.

कारण कालच्या इशाऱ्यांतच होतं. ‘सिलेक्ट’ म्हणजे कुठून काही आलं का हे कर्नलला विचारायचं फंक्शन. त्याला कोणते डिस्क्रिप्टर (उघड्या फाइली-सॉकेटांचे क्रमांक) बघायचे हे सांगायला जुना कोड साधा ‘इंट’ वापरतो, एकेक बिट चढवून. ४.२ बीएसडीच्या काळात तीच रीत होती. आजचा कर्नल उत्तर लिहिताना ‘लॉन्ग’च्या पटीत लिहितो, म्हणजे ६४ बिट मशीनवर कमीत कमी ८ बाइट. व्हेरिएबल ४ बाइटांचं. उरलेले ४ बाइट स्टॅकवरच्या शेजाऱ्यावर पडायचे आणि माझ्या बांधणीत तो शेजारी म्हणजे टीसीपी सॉकेटचा क्रमांक. तो शून्य झाला की क्लायंट सॉकेटऐवजी कीबोर्डकडेच कान लावून बसायचा.

कंपायलर नेमकं याच ओळीवर बोट ठेवून ‘पॉइंटरचा प्रकार जुळत नाही’ म्हणत होता आणि मी त्याला गप्प केलं होतं. सिलेक्ट काढून सगळीकडे त्याच कामाचा ‘पोल’ घातला, परमिसिव्ह पर्याय काढला आणि उरलेल्या चुका एकेक करून वाचल्या. त्याला दोनच तास लागले, आणि त्यात आणखी तीन खऱ्या चुका सापडल्या. जुन्या कोडवर नव्या कंपायलरचा राग येतो हे खरं, पण हे इशारे कोडचा सर्वांत बारकाईने केलेला आढावा असतात. ते बंद करू नका.

८ जुलै – ८४ आणि ९६

आज समोर नेटबीएसडी. पहिला दीड तास क्यूएमूच्या साध्या नेटवर्कवर वाया गेला. त्यात पाहुण्या मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि तो बाहेरून दिसत नाही. टॉक स्वतःचा पत्ता पॅकेटच्या आत लिहून पाठवतो आणि डेमन त्या लिहिलेल्या पत्त्यावरच उत्तर देतो, त्यामुळे उत्तर कुठेच पोचत नाही. टॅप आणि ब्रिज (आभासी नेटवर्क-कार्ड आणि जोडणारा पूल) करून दोन्ही मशीन एकाच जाळ्यात आणली. ‘पत्ता पॅकेटच्या आत’ हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने मला सर्वांत जास्त छळलं.

जाळं जमलं तरी उत्तर नाहीच. क्लायंट दर दोन सेकंदांनी विनंती पाठवतोय, नेटबीएसडीचा डेमन चूप. टीसीपीडंपमध्ये (जाळ्यावरची पॅकेटं दाखवणाऱ्या साधनात) बघितलं तर माझं पॅकेट ९६ बाइटांचं. डेमन ठरलेल्या लांबीचं नसलेलं पॅकेट काही न बोलता टाकून देतो.

हिशेब असा. विनंतीत आधी एकेक बाइटाचे चार रकाने, मग ओळखक्रमांक, १६-१६ बाइटांचे दोन पत्ते, प्रोसेसचा क्रमांक, १२-१२ बाइटांची दोन नावं आणि १६ बाइटांचं टर्मिनलचं नाव. ओळखक्रमांक आणि प्रोसेस क्रमांक ४-४ बाइटांचे धरले तर बेरीज ८४. जुन्या हेडरमध्ये ते दोन्ही ‘लॉन्ग’ आहेत. ६४ बिट लिनक्सवर लॉन्ग ८ बाइटांचा, त्यात ओळखक्रमांकाच्या आधी ४ बाइटांची मोकळी जागा, आणि झाले ९६. उत्तराच्या पॅकेटचंही तेच: २४ हवेत, ३२ झाले. दोन्ही रकाने ठरावीक ३२ बिटांचे केले. रचनेचा आकार ८४ आणि २४ नसेल तर बांधणीच होऊ नये अशी अट कोडमध्ये घातली. ती ओळ आता कुणी काढू नये.

मग उत्तर आलं, पण ७ क्रमांकाचं: पत्ता चुकीचा. पत्त्याचे पहिले दोन बाइट म्हणजे पत्त्याचा प्रकार, ते तारेवर ‘०० ०२’ असे हवेत. माझ्याकडून ‘०२ ००’ जात होते. लिनक्ससाठी जुळवणाऱ्याने सॉकेटची रचना तशीच्या तशी पॅकेटमध्ये ओतली होती, बाइटक्रम न फिरवता. दोन इंटेल मशीन एकमेकांशी बोलताना दोघंही तीच चूक करतात आणि सगळं सुरळीत दिसतं. म्हणून म्हटलं, समोर बिग-एंडियन मशीन हवं.

आमच्या गटात ९६ बाइटवाल्या काही प्रती अजून चालू आहेत. त्यांच्याशी जुळवून घेणारा कोड लिहायला घेतला होता, तासाभराने थांबवला. चुकीला एकदा पाठिंबा दिला की ती प्रोटोकॉलचा भाग होऊन बसते. ९६ बाइटांचं पॅकेट आलं तर डेमन आता लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की समोरची प्रत जुनी आहे, बदला.

नेटबीएसडीवरून आलेली खरी पॅकेटं फाइलींमध्ये साठवून ठेवली. प्रत्येक बदलानंतर ती डेमनला खायला घालून उत्तर बाइट-बाइट ताडून बघते.

१० जुलै – डेमन सिस्टमडीखाली, ४ तास

टॉकडी हा आयनेटडीच्या जमान्यातला. पहिलं पॅकेट येईपर्यंत तो नसतोच. आयनेटडी सॉकेट उघडून बसतो आणि पॅकेट आलं की तेच सॉकेट डिस्क्रिप्टर शून्यावर देऊन डेमन सुरू करतो. दोन मिनिटं काही आलं नाही की डेमन आपणहून बंद. निमंत्रणं तो फक्त मेमरीत ठेवतो, पण त्यांचं आयुष्य ६० सेकंदांचं, त्यामुळे बंद झाल्याने काही हरवत नाही. आजच्या लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या सॉकेट युनिटला (सॉकेटसाठीच्या सेटिंग-फाइलला) ही रीत छान जमते. युनिटमध्ये स्टँडर्ड इनपुट सॉकेटकडून घ्यायचं लिहिलं की डेमनमध्ये बदल लागत नाही. पोर्ट ५१८ सिस्टमडी उघडतो, म्हणून डेमनला रूटचीही (सर्वाधिकारी खात्याची) गरज नाही. ‘नोबडी’ या बिनअधिकाराच्या खात्याने चालवला, ग्रुप ‘टीटीवाय’ दिला, म्हणजे दुसऱ्याच्या टर्मिनलवर लिहिता येतं.

तीन ठिकाणी अडले.

‘अ‍ॅक्सेप्ट’ला ‘होय’ लिहिलं होतं. ते टीसीपीसाठी, दर जोडणीला नवी प्रत. यूडीपीला ते चालत नाही, युनिट नाकारलं गेलं. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्याला दोन तास लागले. डेमनच्या सुरुवातीलाच ‘रूट नसशील तर बाहेर पड’ अशी तपासणी होती. नोबडी म्हणून सुरू झालेला डेमन लगेच बाहेर पडायचा, पॅकेट सॉकेटमध्ये न वाचलेलंच राहायचं, म्हणून सिस्टमडी त्याला पुन्हा सुरू करायचा. दहा सेकंदांत पाच वेळा झालं की सिस्टमडी हात टेकतो आणि सॉकेटच बंद करतो. मी लॉगमध्ये डेमनची नोंद शोधत होते, आणि डेमन आपली तक्रार एरर आउटपुटवर लिहायचा, जी डीफॉल्टने इनपुटच्याच वाटेने सॉकेटकडे जात होती. एरर आउटपुट जर्नलला जोडा, आणि तेही सगळ्यात आधी.

तिसरं मजेदार होतं, म्हणजे सापडल्यावर आनंद झाला असं. डेमनच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंती ०.०.०.० वरून आल्याचं दिसे. युनिटमध्ये मी नुसता पोर्ट ५१८ लिहिला होता. नुसता आकडा दिला की सिस्टमडी आयपीव्ही ६ चं सॉकेट उघडतो, जे आयपीव्ही ४ ची पॅकेटंही घेतं. पण पाठवणाऱ्याचा पत्ता मग आयपीव्ही ६ च्या २८ बाइटांच्या साच्यात येतो. डेमनकडे जागा १६ बाइटांची. त्या साच्यात, जिथे जुना कोड आयपीव्ही ४ पत्ता शोधतो, तिथे ‘फ्लो’चा रकाना असतो आणि तो शून्य असतो. युनिटमध्ये ०.०.०.०:५१८ असं पूर्ण लिहिलं, प्रश्न मिटला.

१२ ते १४ जुलै – दोघंही एकमेकांना बोलावत राहिले

या तीन दिवसांबद्दल सविस्तर लिहिते, कारण ही चूक कुठेच ‘चूक’ म्हणून दिसत नाही.

आधी बोलावणं कसं चालतं ते. मी मित्राला हाक मारली की माझा क्लायंट त्याच्या डेमनला विचारतो, माझ्यासाठी निमंत्रण आहे का? नसेल तर माझ्याच मशीनवरच्या डेमनकडे निमंत्रण ठेवतो (‘या पत्त्यावर, या पोर्टवर मी वाट बघतेय’) आणि त्याच्या डेमनला त्याच्या टर्मिनलवर घंटा वाजवायला सांगतो. तो टॉक चालवतो, त्याचा क्लायंट माझ्या डेमनला विचारतो, निमंत्रणातला पत्ता घेतो आणि टीसीपीने जोडला जातो.

१२ तारखेला नेटबीएसडीवरून मला हाक मारली, लगेच जोडलं गेलं. उलट दिशेने, माझ्याकडून हाक, आणि त्याने उत्तर दिलं की त्याच्या पडद्यावर जोडणीऐवजी ‘समोरच्याला बोलावत आहे’. माझ्या पडद्यावरही तेच. दोघंही एकमेकांना घंटा देत बसलेले. चुकीचा संदेश कुठेच नाही.

टीसीपीडंपमध्ये निमंत्रणाचं पॅकेट उघडलं. आतला पत्ता: १२७.०.१.१.

डेबियन आणि तिच्या वंशातल्या वितरणांत मशीनचं नाव होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ ला बांधलेलं असतं. जुना क्लायंट स्वतःचा पत्ता कसा काढतो? स्वतःचं नाव विचारतो, मग त्या नावाचा पत्ता विचारतो. त्याला तो लूपबॅक (मशीनचा स्वतःपुरता) पत्ता मिळतो, तो तसाच निमंत्रणात जातो, आणि समोरचा क्लायंट इमानदारीत स्वतःच्याच मशीनवर जोडायला जातो. तिथे कुणी नाही, जोडणी नाकारली जाते.

आणि नाकारली गेल्यावर क्लायंट काय करतो, ते मूळ कोडमध्ये विचारपूर्वक लिहिलेलं आहे: बोलावणारा कंटाळून निघून गेला असेल, त्याचं निमंत्रण चुकून राहिलं असेल, ते पुसून टाक आणि आपणच नवं निमंत्रण दे. म्हणून तो उलट मला बोलावू लागतो. शहाणा निर्णय आहे, खऱ्या शिळ्या निमंत्रणाला अगदी बरोबर. इथे मात्र त्याने मूळ कारण पूर्ण झाकून टाकलं.

यानंतरची चूक माझी. माझ्या मशीनची होस्ट्स फाइल बदलली, जोडणी झाली, ‘दुरुस्त’ असं लिहून प्रत मित्राला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप: “अगं, तुझी घंटा वाजते, मी उत्तर देतो, आणि मग मीच तुला बोलावत बसतो. माझं काही चुकतंय का?” त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी पुन्हा त्याच्या फायरवॉलमागे लागले आणि दिवस घालवला. होस्ट्स फाइल बदलली होती ती मधल्या अपडेटनंतर माझ्याच मशीनवर पूर्ववत झाली होती, हे संध्याकाळी कळलं.

१४ तारखेला खरी दुरुस्ती केली. नावाच्या वाटेला जायचंच नाही. समोरच्या मशीनकडे यूडीपी सॉकेट ‘कनेक्ट’ करायचं. यात एकही पॅकेट जात नाही, कर्नल फक्त वाट ठरवतो. मग त्या सॉकेटला विचारायचं की तुझा इकडचा पत्ता काय. ज्या वाटेने समोरच्याकडे जाणार, त्या वाटेचाच पत्ता मिळतो. मशीनला दोन-तीन नेटवर्क असली तरी बरोबर येतो. वीस ओळींचा बदल.

सोबत एक ओळ आणखी घातली: दुसऱ्या मशीनला पाठवायच्या निमंत्रणात १२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर क्लायंट थांबतो आणि तसं सांगतो.

१७ जुलै – घंटा दोनदाच, ३ तास

समोरच्याने उत्तर दिलं नाही तर दर ३० सेकंदांनी पुन्हा घंटा वाजायला हवी. आमच्याकडे पहिली वाजते, ३० सेकंदांनी दुसरी वाजते, मग शांतता.

जुना कोड गजर लावतो, आणि गजराच्या हँडलरमधून ‘लाँगजंप’ मारून लूपच्या तोंडाशी परत येतो. हँडलर चालू असताना तो सिग्नल अडवलेला असतो. बीएसडीवर उडीची जागा नोंदवणारा ‘सेटजंप’ सिग्नलची अडवणूक जपून ठेवतो आणि उडी मारली की पूर्ववत करतो. ग्लिबसीत तसं होत नाही, म्हणून पहिल्या उडीनंतर गजराचा सिग्नल कायमचा अडकतो. आमच्या मेकफाइलमध्ये बीएसडीसारखं वागायला सांगणारी खूण होती, म्हणून पूर्वी चालायचं. ग्लिबसी २.१९ पासून ती खूण यासाठी चालत नाही.

‘सिगसेटजंप’ घालून एका ओळीत काम झालं असतं. तरी गजर आणि उडी दोन्ही काढले आणि वाट बघणाऱ्या सॉकेटवर ३० सेकंदांचा पोल लावला. सिग्नल हँडलरमधून उडी मारणारा कोड मला पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा नव्हता.

२० ते २१ जुलै – माणूस कुठे बसलाय?

मित्र मशीनवर आहे, तरी डेमन म्हणतो ‘नाही’. डेमन लॉग-इन झालेल्यांची यादी यूटीएमपी फाइलमधून वाचतो. आजकाल बरेच टर्मिनल प्रोग्राम तिथे नोंदच करत नाहीत, मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर तर नोंदीची फंक्शनं नावापुरतीच आहेत. शिवाय त्या फाइलमधली वेळ ६४ बिट इंटेलवरही ३२ बिटांचीच आहे, म्हणजे २०३८ चा प्रश्न (त्या वर्षी ३२ बिटांची वेळ संपते) उभा आहेच, आणि वितरणं तिला एकेक करून निरोप देत आहेत. तिच्यावर नवं काही उभारण्यात अर्थ नव्हता.

आधी लॉगिनडीकडे (सिस्टमडीच्या लॉग-इन सत्रं सांभाळणाऱ्या भागाकडे) विचारून पाहिलं. माझ्या मशीनवर टर्मिनल एम्युलेटरच्या खिडक्या त्यालाही वेगळ्या दिसेनात, सगळं मिळून एकच सत्र. चार तास त्यात गेले.

शेवटी जे केलं ते खूप साधं आहे. प्रत्येक आभासी टर्मिनलची फाइल पीटीएस डिरेक्टरीत असते आणि तिचा मालक तो वापरकर्ता असतो. परवानगी ६२० (गटाला लिहिता येतं) असेल तर घंटा चालेल, निरोप घ्यायची ‘मेसग’ सोय बंद केली असेल तर ६००, मग हात लावायचा नाही. कोणतं टर्मिनल वापरात आहे ते फाइलच्या शेवटच्या वाचनाच्या वेळेवरून. इथे एक खाच आहे: दुसऱ्याने कळा मोजून पासवर्डचा अंदाज बांधू नये म्हणून कर्नल ती वेळ ८ सेकंदांच्या टप्प्यांनीच बदलतो. टीमक्समध्ये (टर्मिनलच्या आत टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बसलेल्या माणसाचं आतलं आणि बाहेरचं टर्मिनल त्यामुळे एकाच वेळेचं दिसतं. बरोबरी झाली की दोन्हीकडे घंटा देते.

आणखी एक: मित्राने एका टर्मिनलवर कंट्रोल-एस (पडदा गोठवायची कळ) दाबून ठेवलं होतं. डेमन तिथे लिहायला गेला आणि थांबून राहिला, सगळ्यांच्याच विनंत्या अडल्या. टर्मिनल आता ‘नॉन-ब्लॉकिंग’ उघडते, लिहिता आलं नाही तर सोडून देते.

२४ ते २७ जुलै – देवनागरी

जोडणी झाल्यावर टॉकमध्ये पॅकेटं, चौकटी काही नाही. दोन्ही बाजू आधी तीन-तीन बाइट पाठवतात: माझी खोडायची कळ, ओळ पुसायची कळ, शब्द पुसायची कळ. त्यानंतर नुसता बाइटांचा प्रवाह. मराठी लिहिलं की प्रत्येक बाइट सुटा तपासला जायचा, ‘छापण्याजोगा नाही’ ठरायचा आणि पडद्यावर टोप्यांची (^) रांग उमटायची.

ते सोपं निघालं. बाइट साठवायचे, अक्षर पूर्ण झालं की दाखवायचं, वाइड एनकर्सेस या पडदा रेखाटणाऱ्या लायब्ररीने. अवघड होतं खोडणं. जुन्या क्लायंटच्या लेखी खोडायची एक कळ म्हणजे एक बाइट मागे. ‘स्त्री’ या शब्दात सहा कोडपॉइंट आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. मी बॅकस्पेस दाबला, माझ्याकडची दीर्घ वेलांटी गेली, म्हणजे ३ बाइट. समोरच्याकडे एकच बाइट गेला आणि उरलेल्या दोघांनी पुढचं सगळं बिघडवलं.

पहिला प्रयत्न: खोडणं म्हणजे एक अक्षर, असा नवा अर्थ लावला. आमच्या दोन प्रतींत छान चाललं. पण पहिल्या दिवसाचा नियम मोडला. जोडणीच्या सुरुवातीला समोरची प्रत कोणती हे विचारायची सोय प्रोटोकॉलमध्ये नाही. कोड मागे घेतला.

दुसरा प्रयत्न टिकला. तारेवर एक खोडणं म्हणजे एक बाइट, हे तसंच. माझा क्लायंट वेलांटी खोडताना तीन वेळा खोडायची कळ पाठवतो. ऐकणारी बाजू चालू ओळ बाइटांच्या रूपात धरून ठेवते, एकेक बाइट काढते आणि अपूर्ण अक्षर दाखवतच नाही. जुन्या क्लायंटला मराठी वाचता येत नाही, पण त्याच्याकडचा बाइटांचा हिशेब चुकत नाही.

काना, वेलांटी, जोडाक्षरं यांना किती रुंदी धरायची यावर टर्मिनलांचं एकमत नाही. स्तंभ मोजायचा नाद दीड दिवसाने सोडला. खोडलं की चालू ओळ पुसून पुन्हा पूर्ण काढते. थोडं जास्त काम पडतं, डोळ्यांना जाणवत नाही.

३० जुलै – नावं आणि सुरक्षितता

नावाच्या रकान्यात १२ बाइट. आज लिनक्सवर नाव ३२ पर्यंत जातं. रकाना वाढवता येत नाही, म्हणून पहिल्या ११ अक्षरांवरून शोधते आणि एकच माणूस सापडला तरच घंटा. दोन सापडले तर ‘नाही’. भलत्याच्या पडद्यावर निरोप जाण्यापेक्षा ते बरं.

पॅकेटमधलं नाव जुना डेमन तसंच टर्मिनलवर छापायचा. नियंत्रण-अक्षरं घातलेलं नाव पाठवून दुसऱ्याचा पडदा बिघडवणं हा जुना उद्योग आहे. आता छापण्याजोगी अक्षरं सोडून बाकी सगळं प्रश्नचिन्ह होतं. पत्त्यावरून मशीनचं नाव शोधणंही काढलं. डीएनएस अडला की एकटा डेमन त्यात अडकायचा. घंटेच्या संदेशात आता पत्त्याचे आकडे दिसतात.

२ ऑगस्ट – फायरवॉल, आणि जे होणार नाही ते

टीसीपीचं पोर्ट कर्नल देईल ते, लिनक्सवर साधारण ३२७६८ ते ६०९९९ मधलं कुठलंही. फायरवॉलमध्ये एवढं कोण उघडणार? सेटिंगमध्ये दहा पोर्टांचा पट्टा देता येईल असं केलं, टीसीपी आणि उत्तराचं यूडीपी दोन्हीसाठी. पोर्ट पॅकेटच्या आत लिहून जात असल्यामुळे समोरच्याला फरक पडत नाही.

नॅटमागून (अनेक मशीन एकाच बाहेरच्या पत्त्याआड असतात तिथून) चालणार नाही. पत्ता पॅकेटच्या आत आहे, त्याला इलाज नाही. आम्ही मशीनं व्हीपीएनवर आणली आहेत. आयपीव्ही ६ सुद्धा नाही: पत्त्याच्या रकान्यात प्रकार सोडून १४ बाइट उरतात, आणि आयपीव्ही ६ चा नुसता पत्ताच १६ बाइटांचा. मला दोघांनी विचारलं की आवृत्ती क्रमांक वाढवून मोठं पॅकेट का करत नाही. केलं तर तो वेगळा प्रोटोकॉल होईल, आणि नेटबीएसडीवरचा माणूस मला हाक मारू शकणार नाही.

३ ऑगस्ट – ४० मिनिटं

दुपारी नेटबीएसडीवरून मित्राने हाक मारली. त्याचा क्लायंट जसाच्या तसा, मूळ वितरणातला. दोन्ही दिशांनी जोडलं, पहिल्याच घंटेला. मग तो लिनक्सवर आला आणि मराठीत लिहू लागला. एक वाक्य लिहिलं, थांबला, शेवटचे दोन शब्द एकेका मात्रेने खोडले आणि वेगळे लिहिले. मी ते होताना बघितलं.

लॉगमध्ये ९६ बाइटांची तीन पॅकेटं दिसली. ते मशीन कुणाचं ते पत्त्यावरून कळलं, त्याला नवी प्रत पाठवली आहे.